सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट की काउन्सेलर: आधी कोणाकडे?

प्रश्न: पाट्यांवर हे तिन्ही शब्द दिसतात, नावापुढे ‘डॉ.’ही असतं. औषध नेमकं कोण देतं? आणि पाटी खरी आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर १: या तिघांत औषध लिहून देतो तो फक्त सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. एमबीबीएस आणि त्यावर मनोविकारशास्त्रातलं एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. ‘डॉ.’ला भुलू नका, तो पीएचडीचाही असतो. पदवी वाचा.
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी हवी. क्रमांक बेधडक मागा. नुसतं एम.ए. सायकॉलॉजी म्हणजे क्लिनिकल नव्हे. काउन्सेलर ही पाटी तर काही आठवड्यांचा कोर्स करूनही लागते, त्यामुळे तिथे शिक्षण आणि अनुभव जास्त खोदून विचारा.

उत्तर २: वरच्यात भर. भास होणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, दिवसचे दिवस झोप-जेवण बंद असं असेल तर थेट मनोविकारतज्ज्ञ. काउन्सेलिंगमध्ये वेळ घालवू नका. परीक्षेचा ताण, घरातली कुरबुर यांसाठी चांगला काउन्सेलर पुरतो.
नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. लोक दहाव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात, किंवा बरं वाटताच एकदम थांबवतात. मग चक्कर, बेचैनी, आजार उलटणं. डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्यायचा.

उत्तर ३: कुठून सुरुवात करावी कळतच नसेल तर टेलि-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट, २४ तास, मराठीतूनही.