डेल्फ्टला एक सेमिस्टर: रोजचं आयुष्य नक्की कसं असतं?

सनबोर्डचा_चुरा

नमस्कार मंडळी, मी पुण्यात बी.आर्क.ला (आर्किटेक्चर) आहे, आता चौथं वर्ष. कॉलेजच्या एक्स्चेंजमधून सप्टेंबर ते जानेवारी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जायचं पक्कं झालंय, पत्र आलंय, व्हिसाचं बरंचसं तिकडची युनिव्हर्सिटीच बघते म्हणे. नेटवर शोधलं की सगळीकडे तेच, ट्यूलिप, पवनचक्क्या आणि "माय एक्स्चेंज जर्नी" टाईप रील्स, त्यातून सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत माणूस करतो काय ते काही कळत नाही. मला साधे प्रश्न आहेत. स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग, किती वेळ चालतो, तिकडे पण सबमिशनच्या आधी चार रात्री जागायच्या असतात का, ज्युरीला, म्हणजे काम तपासताना, मॉडेल फेकून देतात का (आमच्याकडे एकदा दिलंय), मॉडेलचं सामान महाग असतं का, इथून काय न्यावं. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. आईचा एकच प्रश्न, पोर जेवणार काय. बाबांनी लोन काढलंय त्यामुळे युरोपभर हिंडायला पैसे नाहीत, पण बिल्डिंग बघायच्याच आहेत. जे कुणी राहून आलेत त्यांनी जरा डिटेलमध्ये लिहा प्लीज.

तळमजला_अधिक_पोटमाळा

अभिनंदन! मी तिथे सेमिस्टर करून आलोय, थोडं मोठं लिहितो, चहा घेऊन बस.

आधी स्टुडिओ. सगळ्यात मोठा धक्का हा की संध्याकाळ झाली की लोक घरी जातात. खरंच जातात. सहाच्या सुमारास डच पोरं लॅपटॉप बंद करून जॅकेट चढवून सायकलवर टांग मारतात आणि उद्या बघू म्हणतात, आणि रात्री बिल्डिंगच बंद होते त्यामुळे आपल्यासारखं स्टुडिओत गादी टाकून झोपायचा प्रश्नच नाही. याचा अर्थ काम कमी असतं असं अजिबात नाही. सेमिस्टर म्हणजे दोन क्वार्टर, दहा-दहा आठवड्यांचे, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तुझं म्हणणं काय आहे ते स्पष्ट नसेल तर पुढचं सगळं घसरत जातं. आपल्याकडे शेवटच्या आठवड्यात रेटून नेतो ना आपण, तसं तिथे रेटता येत नाही कारण ट्यूटर दर आठवड्याला बसतो आणि मागच्या वेळी काय ठरलं होतं ते त्याच्या वहीत लिहिलेलं असतं.

मॉडेल कुणी फेकत नाही, काळजी नको. पण गोड बोलत पण नाहीत. "हा जिना इथे का?" एवढंच विचारतात आणि गप्प बसतात, आणि तू "सर, लाइट आणि व्हेंटिलेशनसाठी" म्हणालीस की परत "हो, पण इथेच का?" आपल्याला सवय असते की सरांनी शीटवर लाल पेनने फिरवून दिलं की तेवढं बदलून आणायचं, इथे पेन कुणी हातातच घेत नाही. आणि सर-मॅडम नाही, डायरेक्ट नावाने हाक मारायची, पन्नाशीच्या माणसाला, पहिले काही आठवडे मी नाव घ्यायचं टाळून नुसतं "हॅलो" वर भागवलं. मार्क एक ते दहा, सहाला पास, आणि आठ मिळाले तर घरी फोन करून सांगण्यासारखं असतं, दहाची वाट बघू नको.

बिल्डिंगची गोष्ट ऐक. आर्किटेक्चर फॅकल्टीची आधीची बिल्डिंग व्हान डेन ब्रूक आणि बाकेमा या डच आर्किटेक्टची होती, उंच, काँक्रीटची. २००८ च्या मे महिन्यात कॉफी मशीनपाशी पाणी गळून शॉर्टसर्किट झालं आणि आख्खी बिल्डिंग जळाली. माणसं सगळी सुखरूप बाहेर आली, खुर्च्यांचं प्रसिद्ध कलेक्शन पण वाचलं. मग काही महिन्यांत युनिव्हर्सिटीच्या एका जुन्या विटांच्या इमारतीत सगळं हलवलं, अंगणांवर काच टाकून मोठे हॉल केले, त्यातल्या एकात एमव्हीआरडीव्ही या डच फर्मची भलीमोठी नारिंगी पायऱ्यांची गॅलरी आहे आणि दुसऱ्यात मॉडेलचं वर्कशॉप. तात्पुरती सोय म्हणून गेले आणि तिथेच राहिले. माझ्या मते जुन्या इमारतींचा रीयूज शिकायला त्या इमारतीत रोज नुसतं वावरणं पुरे, तात्पुरतं काय, जुनं काय, नवीन काय, सगळं उघड दिसतं.

सामान: मॉडेल बहुतेक सगळे ग्रे कार्डबोर्डचे करतात, आपल्यासारखं सनबोर्ड-फोमशीट-नकली झाडं नाही. स्वस्त पडतं. लेझर कटरचा स्लॉट आधी बुक करावा लागतो आणि सबमिशनच्या आठवड्यात मिळत नाही, त्यामुळे हाताने कापायची सवय असेल तर तू फायद्यात आहेस, आपली पोरं यात भारी असतात. स्टील स्केल आणि कटर इथून ने.

सायकल पहिल्याच आठवड्यात घे, सेकंडहँड, आणि कुलूप सायकलपेक्षा महाग वाटलं तरी चालेल पण दोन लाव. पुढे-मागे लाइट पाहिजेच, नाहीतर दंड. पावसाचं वेड लागणार आहे तुला, सगळे बाउएनराडार नावाच्या ॲपवर बघतात की आता वीस मिनिटं पाऊस नाही, आता निघा. आपला पाऊस सरळ पडतो, तिकडचा आडवा येतो वाऱ्याबरोबर, छत्री नेऊच नकोस, चांगला रेनकोट ने. डिसेंबरमध्ये पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. याचा त्रास होतो, खरंच होतो, दुपारी उन्हाची तिरीप दिसली की काम टाकून बाहेर जायचं.

हेगवाली

मी आर्किटेक्ट नाही हो, पण शेजारच्या हेगमध्ये बरीच वर्षं आहे, जेवणाचं मी सांगते. आईला सांग पोर उपाशी राहणार नाही.

इकडे दुपारी कुणी गरम जेवत नाही. ब्रेड, चीज, एखादं सफरचंद, झालं. चॉकलेटचे दाणे पावावर घालून मोठी माणसं खातात, हसू नकोस त्यांना. तू डबा नेलास पोळीभाजीचा तर मायक्रोवेव्ह शोधावा लागेल पण मिळतो. डेल्फ्टला गुरुवारी चर्चसमोरच्या चौकात बाजार भरतो, भाजी तिथून घे. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी सूट असलेले स्टिकर लावतात, विद्यार्थी सगळे त्यावरच जगतात.

कुकर आणणार असशील तर इंडक्शनवर चालणारा आण, साधा ॲल्युमिनियमचा इथल्या शेगडीवर तापतच नाही आणि मग मुली रडत फोन करतात. गोडा मसाला, मेतकूट, हिंग, लोणचं, बाकरवडी खुशाल आण. तूप, पेढे, बर्फी आणू नको, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला परवानगी नाही, ताजा कढीपत्ता पण नको, तो वाळवून पण आणू नको उगीच. सगळं इथे मिळतं गं बाळा.

डेल्फ्टहून एक नंबरची ट्राम हेगला येते, तीच पुढे समुद्रापर्यंत जाते. हेगला पॉल क्रूगरलान म्हणून रस्ता आहे, तिथे डाळी, पीठ, भेंडी, कारली, साड्यांची दुकानं, सगळं. ही दुकानं बरीचशी सुरिनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या, हिंदुस्तानी लोकांची. १८७३ पासून कलकत्त्याहून मजूर म्हणून त्यांचे पूर्वज सुरिनामला नेले, आणि १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास खूप जण इकडे आले. त्यांच्याकडची रोटी खाऊन बघ, आत डाळ भरलेली, थोडी आपल्या पुरणपोळीच्या वळणाची पण तिखट, बरोबर लांब शेंगांची आणि बटाट्याची भाजी. व्हेज मागितलं तर अंडं घालून देतात, तुला चालतंय म्हणजे प्रश्नच मिटला. तिथल्या आजी माझ्याशी भोजपुरीसारखं काहीतरी बोलतात, मी पुणेरी हिंदीत उत्तर देते, चाललंय आमचं.

आडवा_छेद

मी वेगळं बोलतो जरा. लोन काढलंय म्हणालीस म्हणून. रूमचं बघ आधी, बाकी सगळं नंतर. डेल्फ्टला खोल्यांची मारामारी असते, युनिव्हर्सिटीतर्फे एक्स्चेंजवाल्यांना खोली देतात का ते विचारून पहिल्या दिवशी अर्ज टाक, आणि चॅटवर भेटलेल्या कुणालाही खोली न बघता डिपॉझिट पाठवू नको, फोटो कितीही छान असू देत. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, तर त्या खोलीवर नोंदणी करू देतात का हे पण विचार, काही मालक नाही म्हणतात. पार्टटाइमच्या भरवशावर बजेट करू नको, आपल्यासारख्यांना मालकाने वर्क परमिट काढलं तरच आणि आठवड्याला सोळा तास, एका सेमिस्टरसाठी कोण काढतंय.

दुसरं म्हणजे क्रेडिट. जायच्या आधी एचओडींकडून लेखी घे की तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार. तोंडी "होऊन जाईल" वर जाऊ नकोस. तिकडे आपल्यासारखं वर्किंग ड्रॉइंग, एस्टिमेशन वेगळं नसतं, आणि परत आल्यावर ज्युनिअरबरोबर बसून ते विषय देणारी माणसं मी बघितलीत.

सनबोर्डचा_चुरा

बापरे थँक्यू सगळ्यांना! @हेगवाली काकू आईला तुमचा आख्खा रिप्लाय वाचून दाखवला, ती आता इंडक्शनचा कुकर शोधतेय. @आडवा_छेद क्रेडिटचं डोक्यातच नव्हतं, सोमवारी मॅडमना गाठते. एकच राहिलं, बिल्डिंग कुठल्या बघू, कमी पैशात? माझा थिसिस बहुतेक हाउसिंगवर असेल.

तळमजला_अधिक_पोटमाळा

हाउसिंग असेल तर तू बरोबर देशात चाललीस. रोटरडॅम ट्रेनने पंधरा मिनिटांवर. सगळे एक्स्चेंजवाले जाऊन मार्केट हॉल आणि पिवळ्या तिरप्या क्यूब घरांसमोर सेल्फी काढून परत येतात, तू पण काढ, पण मग तिथल्याच स्पांगेन या वस्तीत जा. तिथे आर्किटेक्ट मिखिल ब्रिंकमनचं १९२२ चं युस्टस व्हान एफेन संकुल आहे, कामगारांची घरं, आणि वरच्या मजल्यावर सगळीकडून फिरणारी रुंद गॅलरी, इतकी रुंद की दूधवाल्याची हातगाडी दारापर्यंत यायची. आपल्या चाळीची गॅलरी मोजलेली असेल कधी तर टेप घेऊन जा आणि ही पण मोज, दारं कशी जोडीने आलीत, कठड्यात कुंड्यांची जागा कशी केलीय ते बघ. लोक राहतात तिथे, खिडक्यांत डोकावू नको, हळू बोल.

हेगला श्खिल्डर्सवाइक या भागात पोर्तुगीज आर्किटेक्ट अल्वारो सिझाची ऐंशीच्या दशकातली घरं आहेत, वस्ती मुख्यतः बाहेरून आलेल्या कुटुंबांची, तुर्की, मोरोक्कन, सुरिनामी. रहिवाशांना प्लॅन वाचता येत नाही म्हणून घरांची खऱ्या मापाची मॉडेल उभी करून त्यांना आत फिरवलं, आणि पाहुणे आले की घराचा एक भाग बंद करता यावा म्हणून मध्ये सरकते दरवाजे दिले. बाहेरून साधी वीटच दिसते, नुसता फोटो बघून काही कळणार नाही.

डच आर्किटेक्ट रीटफेल्टचं श्र्यॉडर हाउस युट्रेक्टला, १९२४ चं, तिकीट आधीच काढावं लागतं, एवढा खर्च कर. वरच्या मजल्याच्या भिंती सरकवून दाखवतात. आणि हिल्व्हरसमचं आर्किटेक्ट डुडोकचं टाउन हॉल, याच डुडोकने कोलकात्याचं लाइटहाउस थिएटर केलं होतं. ट्रेनला गर्दीची वेळ सोडून आणि वीकेंडला ४० टक्के सूट देणारं सबस्क्रिप्शन असतं ते घे, दोन-तीन फेऱ्यांत वसूल.

बर्लिन, पॅरिस, बार्सिलोना सगळं एका सेमिस्टरमध्ये उरकायला जाऊ नको. माझ्या बॅचची पोरं दर वीकेंडला स्वस्त बसने कुठेतरी जायची आणि सोमवारी स्टुडिओत झोपायची.

आडवा_छेद

+१ स्पांगेनला. फक्त गॅलरी मोजायला बरोबर कुणीतरी ने, टेपचं दुसरं टोक धरायला. आणि तो कटर चेक-इन बॅगेत टाक गं, हँडबॅगेत ठेवून एअरपोर्टवर ब्लेडची पाकिटं काढून देणारी माणसं दरवर्षी असतात.