मदत हवी आहे: डायबेटिक उंदरांचं एलडीएल मायनसमध्ये येतंय

नमस्कार, एम.फार्म शेवटचं वर्ष, फार्माकॉलॉजी. विस्टार जातीच्या उंदरांवर काम चालू आहे. अर्ध्यांना साधं खाणं, अर्ध्यांना दोन आठवडे फॅटवालं (लॅबच्या गोळ्या कुटून त्यात वनस्पती तूप आणि खोबरेल), मग दोन्हीकडे सारखंच स्ट्रेप्टोझोटोसिन (डायबेटिस आणण्यासाठी द्यायचं इंजेक्शन), ३५ मिग्रॅ प्रति किलो. तर साध्या खाण्यावरच्यांची शुगर चढलीच नाही आणि फॅटवाल्यांची भरपूर चढली. त्यातल्या दोघांचं सीरम तर अक्षरशः दुधासारखं निघालं, एकाचं कोलेस्टेरॉल ११८, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड ५१२, फॉर्म्युल्यात (एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग) टाकलं की एलडीएल उणे २५.४!! गाईड म्हणतात इंजेक्शन चुकलंय आणि हे दोन उंदीर काढून टाक. पण उंदरांचा जीव घेऊन मिळवलेला डेटा असा टाकून द्यायचा? मन तयार होत नाही, कुणी यातलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: काढू नका. इंजेक्शन चुकलेलं नाही, ३५ हा डोस मुद्दाम कमी असतो, त्याने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या थोड्याच बीटा पेशी मरतात, साध्या खाण्यावरचा उंदीर उरलेल्या इन्सुलिनवर भागवतो, फॅटवाल्याला आधीच इन्सुलिन रेझिस्टन्स आलेला असतो म्हणून तो कोलमडतो. इन्सुलिन कमी पडलं की लायपोप्रोटीन लायपेज हे ट्रायग्लिसराइड फोडणारं एन्झाइम मंदावतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड उचललीच जात नाहीत, वर चरबीच्या पेशींतून सुटलेली फॅटी ॲसिड लिव्हरला जातात आणि लिव्हर त्यातून आणखी व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण) बनवून रक्तात सोडतं. दूध त्याचंच.

मायनस येतंय ते फॉर्म्युल्यामुळे. फ्रीडेवाल्डचं समीकरण १९७२ चं, उपाशीपोटी दिलेल्या माणसांच्या रक्तासाठी, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की माणसांतसुद्धा चालत नाही. उंदरात सीईटीपी (एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांत नेणारं प्रोटीन) जवळजवळ नसतंच, त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं, त्यामुळे वजाबाकी करून हातात येणारं एलडीएल मुळातच तकलादू. थिसिसमध्ये ते देऊच नका, एकूण, एचडीएल, नॉन-एचडीएल (एकूण वजा एचडीएल) आणि ट्रायग्लिसराइड द्या आणि कारण लिहा. रक्त काढायच्या आदल्या रात्री खाणं काढलं होतं का?

धागाकर्ती: नाही काढलं :( डायबेटिक उंदीर आधीच एवढे मलूल झालेले, उपाशी ठेवायचा धीर झाला नाही.

प्रतिसाद: मग त्या दुधात कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणातली चरबी वाहून नेणारे कणही असणार, उंदीर खातात रात्रीच. पुढच्या वेळी रात्रभर नको, सकाळी खाणं काढून पाच-सहा तासांनी घ्या, पाणी मात्र भरपूर ठेवा, आणि सगळ्या ग्रुपना तेच. सीरम रात्रभर फ्रिजमध्ये उभं ठेवून बघा, वर सायीसारखा थर आला तर कायलोमायक्रॉन, खालचं गढूळच राहिलं तर व्हीएलडीएल.

धागाकर्ती: खूप खूप धन्यवाद, उद्याच गाईडना हे दाखवते. उरलेलं सीरम उणे २० ला आहे, ही सायीची टेस्ट त्यावर चालेल?

प्रतिसाद: नाही, गोठवलेलं चालत नाही, ताजंच लागतं. पुढच्या ब्लीडला करा.