हँडल डावीकडे वळवलं की हेडलाइट लागतो, ब्रेक दाबला की मरतो (जुनी बुलेट, हर्णै)

बंदरावरचा (हर्णै)

नमस्कार मंडळी. माझी बुलेट ३५० आहे, १९८४ची. मुळात ६ व्होल्टची. आधीच्या मालकाने अल्टरनेटर आणि रेक्टिफायर बदलून ती १२ व्होल्टची करून घेतली, पण हार्नेस (वायरींचा जुडगा) जुनाच ठेवला. इग्निशन पॉइंट-कंडेन्सरचंच, म्हणजे ठिणगी पाडायची जुनी पद्धत.

दिवसा गाडीला काही म्हणजे काही होत नाही. संध्याकाळी बंदरावरचा लिलाव आटपून दापोलीकडे निघालो की नाटकं सुरू. हेडलाइट लावला की हॉर्न घशातल्या घशात बोलतो. ब्रेक दाबला की उजेड पिवळा पडतो आणि इंजिन मधूनच एखादा फायर खातं (ठोका चुकतो). आसूदच्या वळणांवर तर अजबच प्रकार. हँडल डावीकडे वळवलं की लख्ख उजेड, सरळ केलं की काजवा. वळण संपून सरळ रस्ता आला की नेमका अंधार!

बॅटरी नवी टाकून झाली. एक गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर गेला, दुसरा म्हणतो ठिणगीची कॉइल. वायरी बाहेरून चांगल्या दिसतात, कुठे जळल्याची खूण नाही. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, वापरता जेमतेम येतो. सुरुवात कुठून करू?

घाटवळण (चिपळूण)

एलईडी बल्ब टाका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घ्या. पॉइंटची कटकटच संपेल. मी तेच केलं, मजेत आहे.

जुना वायरमन (रत्नागिरी)

थांबा, अजून एक रुपयाही खर्च करू नका. माझं निम्मं आयुष्य मिरकरवाड्यात होड्यांच्या आणि गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलंय. तुमच्या लक्षणांतच निम्मं उत्तर आहे.

दिवसा गाडी नीट चालते, म्हणजे कॉइलवर लगेच संशय नको. अल्टरनेटर मेला असता तर बॅटरी उतरत गेली असती आणि सकाळीही हॉर्न रडला असता. खात्री करायची तर इंजिन जरा रेझ करून बॅटरीवरच व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटरला हात लावू नका. तुमच्याकडे लोड वाढला की सगळंच एकदम मलूल होतं. याचा अर्थ व्होल्टेज वाटेत सांडतंय.

आता हँडलचं. या जुन्या गाड्यांत हेडलाइटच्या डब्याला, म्हणजे ज्यात अँपिअर मीटर बसतो त्याला, बऱ्याचदा अर्थची (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी) वेगळी वायर नसतेच. करंट परत येतो तो फोर्कमधून, कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) छऱ्यांतून आणि फ्रेममधून. त्या छऱ्यांत ग्रीस भरलेलं, वर आपली खारी हवा. हँडल वळलं की छर्रे वेगळे टेकतात आणि अर्थ क्षणभर जुळतो. पण हेच लक्षण मानेजवळ (हँडल फ्रेमला जोडतं तिथे) हार्नेसमधली वायर आतून तुटली असली तरी दिसतं, म्हणून आधी दोन्हीचा निवाडा करा. एक जाड वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं डब्याच्या उघड्या लोखंडाला (पेंट खरवडून). हँडल सरळ ठेवून उजेड आला तर दोष अर्थचा. नाही आला तर बहुतेक प्लसची वायर मानेत तुटली असेल.

मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद, हेडलाइट चालू, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मीटरची काळी काडी बॅटरीच्या मायनसवर, लाल काडी हेडलाइटच्या डब्यावर. ०.२ व्होल्टच्या आत हवं. तसंच इंजिनच्या एखाद्या बोल्टवर बघा. मग प्लसची बाजू: लाल काडी बॅटरीच्या प्लसवर ठेवून काळी पुढे पुढे सरकवत जा. फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, अँपिअर मीटरचे दोन्ही नट, स्विच, बल्बचा होल्डर. आकडा जिथे एकदम उडी मारेल तिथे चोर. अँपिअर मीटरचे नट ढिले असतील तर तेही आवळा, या गाड्यांचा जवळपास सगळा करंट त्यातून जातो. मात्र त्याआधी बॅटरीची वायर काढून ठेवा. पाना डब्याच्या लोखंडाला टेकला तर ठिणग्या उडतील.

लाइट बंद ठेवून हे मोजू नका. करंट वाहत नसेल तर गळतीही दिसत नाही, सगळीकडे शून्य येईल. आणि मीटरच्या बीपवर तर अजिबात भरवसा नको. वायरीतल्या बारीक तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी मीटर आनंदाने बीप देतो. त्या एकट्या तारेला हेडलाइटचे ३ अँपिअर काय झेपणार?

चिपळूणकर, एलईडीने लोड कमी होईल हे खरं. पण ताप उतरवायची गोळी घेऊन टायफॉइड बरा होत नाही. गंजलेला जोड तसाच राहील आणि पुढच्या पावसात इंजिन बंद पाडेल. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक इग्निशननाही बॅटरीचाच करंट लागतो.

खारो वारो (मालवण)

वायरमन काकांनी सांगितलेलां शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे तर खारो वारो लोखंडाक पण सोडणा नाय, तांब्याची काय कथा!

एक गोष्ट माझ्याकडून. हायवेवर माशांच्या ट्रकच्या मागे जाऊ नका. त्यातून गळणारं मिठाचं पाणी थेट हेडलाइटवर आणि इंजिनवर उडतं. गेलातच तर घरी येऊन गोड्या पाण्याने गाडी धुवा. प्रेशरचा पाइप मात्र नको, पाणी जोडांत घुसतं.

बंदरावरचा (हर्णै)

काल रात्री पुतण्याला ब्रेकवर बसवून मोजलं. मायनस ते हेडलाइटचा डबा: १.६ व्होल्ट. मायनस ते इंजिन: ०.१. डब्याला वायर लावल्याबरोबर समोरच्या भिंतीवर उजेड पडला, हँडल कसंही फिरवा, जागचा हलला नाही. पण हॉर्न अजून तसाच. प्लसच्या बाजूला गेलो तेव्हा फ्यूज होल्डरच्या अलीकडे ०, पलीकडे ०.९.

होल्डर उघडला तर आतली स्प्रिंग हिरवी झालेली. आणि काका, वायरीचं टोक कापलं तर आत तांबं काळंभोर, कोळशासारखं ठिसूळ. वरचं प्लास्टिक मात्र एकदम नवंकोरं. कापत कापत बोटभर मागे गेलो तेव्हा कुठे लाल चकचकीत तांबं लागलं. अल्टरनेटरही तपासला, रेझ करून १४.१ येतं.

जुना वायरमन (रत्नागिरी)

झालं की काम. हेडलाइट, हॉर्न, ब्रेक, कॉइल, सगळ्यांचा करंट त्या एका फ्यूजमधून जातो. म्हणून ब्रेक दाबला की कॉइल उपाशी राहून फायर चुकत होता. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापलंत हे उत्तम, काळ्या तारेवर सोल्डर धरतच नाही.

आता पक्कं काम असं करा. नवा होल्डर पात्याच्या फ्यूजचा, झाकण असलेला घ्या. अर्थसाठी २.५ स्क्वेअर एमएमची वायर बॅटरीच्या मायनसवरून फ्रेमला, इंजिनला आणि हेडलाइटच्या डब्याला अशी वेगवेगळी न्या. फ्रेमवरचा पेंट लोखंड दिसेपर्यंत घासा, मग दातेरी वॉशर घालून आवळा. व्हॅसलीन आवळल्यावर वरून लावायचं. टोकाला रिंग टर्मिनल क्रिम्प करून (दाबून बसवून) स्लीव्ह चढवा. हेडलाइटकडे जाणारी वायर मानेजवळ जरा सैल सोडा, नाहीतर हँडल वळवून वळवून ती तिथेच तुटेल.

शक्य असेल तर टिन केलेल्या (कथलाचा मुलामा दिलेल्या) तांब्याची वायर घ्या. होड्यांना तीच वापरतात. साध्या वायरीपेक्षा महाग पडते, पण आपल्या किनाऱ्यावर पैसे वसूल.

मायसोरी ढोल (देवगड)

मध्येच घुसतो. माझी येझदी अजून ६ व्होल्टवरच आहे, हेडलाइट कायम मंद. हीच पद्धत चालेल का, की ६ व्होल्टचा उजेड असाच असतो म्हणून सोडून द्यायचं?

जुना वायरमन (रत्नागिरी)

चालेल, आणि तुम्हाला तर याची गरज दुप्पट. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, ६ व्होल्टवर जवळपास ६. त्याच गंजक्या जोडावर दुप्पट करंट म्हणजे गळतीही दुप्पट, आणि मुळात हातात व्होल्ट निम्मेच. १२ मधून अर्धा व्होल्ट गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, ६ मधून गेला तर रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही. डब्याची अर्थ आणि फ्यूज आधी बघा. आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.