उमेदवारांचा निवडणूक खर्च डॅशबोर्डवर मांडून मतदाराला खरंच काही कळतं का?

भुसावळचा_भाऊ:
राम राम मंडळी. दोन महिन्यांपासून रोज रात्री जेवण झालं की एकच काम करतोय. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आपल्या खान्देशातल्या २० मतदारसंघांत, म्हणजे जळगावचे ११, धुळ्याचे ५, नंदुरबारचे ४, उमेदवारांनी खर्चाचे जे हिशेब दिले ते सगळे एका डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे चित्रांत दाखवणाऱ्या एका पानावर, आणतोय. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब प्रत्येकालाच द्यावा लागतो, पडलेल्यालासुद्धा, नाही दिला तर निवडणूक आयोग ३ वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी घालू शकतो. पण हा हिशेब मिळतो कसा तर स्कॅन केलेल्या पीडीएफ, बरीच पानं हाताने लिहिलेली, काही आडवी, काहींवर शिक्का नेमका आकड्यावर. हे सगळं वाचून एक्सेलात टाईप केलं आणि मग पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं. आता नकाशात मतदारसंघ दाबला की उमेदवार येतात, उमेदवार दाबला की सभा, प्रचारसाहित्य, गाड्या, कार्यकर्ते असा खर्च फोडून दिसतो आणि पैसा स्वतःचा, पक्षाचा की देणगीचा तेही. उमेदवाराला खर्चाची ४० लाखांची मर्यादा होती, तिच्या आत असला तर पट्टी हिरवी, जवळ गेला तर पिवळी, वर गेला तर लाल.

माझं मत असं की माहिती नुसती उघडी असून भागत नाही, ती दिसली पाहिजे. निवडणूक रोख्यांचं, म्हणजे नाव जाहीर न होता पक्षाला देणगी द्यायच्या बँकेच्या कागदांचं, आठवा. सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला योजना रद्द केली, १४ मार्चला आयोगाने याद्या टाकल्या, पण एका यादीत कोणी घेतले आणि दुसरीत कोणत्या पक्षाने वटवले, दोन्ही जोडायला काहीच नाही. २१ मार्चला रोख्यांचे नंबर आले तेव्हा कुठे कोणाचा पैसा कोणाकडे गेला ते जुळवता आलं, आणि कंपनी ते पक्ष अशा जाड-बारीक पट्ट्यांची चित्रं निघाली तेव्हा साध्या माणसालाही समजलं. तसंच आपल्या तालुक्याचं का करू नये?

केळीवाला_चोपडा:
भाऊ मेहनतीला मान आहे पण मी विरोधात. हा जो हिशेब आहे तो उमेदवाराने स्वतः लिहून दिलेला. आमच्या गावात प्रचाराच्या दिवसांत रोज जेवणावळ चालू होती, डिझेलच्या चिठ्ठ्या वाटल्या जात होत्या, मोटारसायकल रॅलीला पोरांच्या टाक्या फुल करून देत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यातलं कागदावर किती आलं असेल तुम्हीच सांगा. आणि तुम्ही त्याला हिरवी पट्टी देताय! माझ्या पोराने ती बघितली तर तो म्हणेल पप्पा हा माणूस तर नियमात आहे. पीडीएफ होती तोवर निदान कोणी त्यावर विश्वास तरी ठेवत नव्हतं.

निवृत्त_हिशेबनीस:
मी नोकरीत असताना दोन निवडणुकांत खर्च तपासणीच्या पथकात बसलोय म्हणून थोडं सांगतो. केळीवाले भाऊंचं बरंचसं बरोबर आहे पण अर्धं. उमेदवाराच्या हिशेबाशेजारी आमची वेगळी नोंदवही असते, तिला छाया नोंदवही म्हणतात. सभेचं व्हिडिओ शूटिंग होतं, मग बसून खुर्च्या मोजतो, गाड्या मोजतो, जिल्ह्याच्या दरपत्रकाने गुणतो. खुर्ची, मंडप, चहा, वडापाव सगळ्याचे दर ठरलेले. प्रचारात किमान तीनदा उमेदवाराची वही आमच्या वहीशी ताडून बघतात आणि फरक निघाला की नोटीस जाते. तुमच्या बोर्डावर फक्त उमेदवाराचा आकडा आहे, या दोन वह्यांतला फरक कुठाय? खरी गोष्ट त्या फरकात आहे. दुसरं, स्टार प्रचारकाचं हेलिकॉप्टर उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत, आणि पक्षाच्या खर्चाला तर कायद्यात मर्यादाच नाही. हे लिहिल्याशिवाय ४० लाखांची रेघ दाखवणं मला पटत नाही.

धुळ्याची_ताई:
मी बचत गटांचं काम करते. भाऊंनी धागा टाकल्यावर परवा बैठकीत मोबाईलवर हा बोर्ड दाखवला, बारा-तेरा जणी होत्या. सगळ्यात आधी एका मावशींनी विचारलं, मंडप आणि जेवणाचा एवढाच खर्च? माझ्या भाचीच्या लग्नाला यापेक्षा जास्त लागला आणि तिथे तर पाचशेच पानं उठली होती. मग दुसरी गाडीभाड्यावर बोलायला लागली कारण तिचा नवरा स्वतःची गाडी भाड्याने लावतो, तिसरी बॅनरवर, तासभर हेच चाललं. केळीवाले दादा, तुम्ही म्हणता लोक हिरवी पट्टी बघून फसतील, पण ज्या बाईला मंडपाचा भाव माहीत आहे ती पट्टीला फसली नाही. तिला तो आकडा वेगळा काढून कोणीतरी समोर ठेवायला हवा होता. चाळीस पानांची पीडीएफ मी वाचून दाखवली असती तर सगळ्या उठून गेल्या असत्या.

आयटीवाला_अमळनेर_पुणे:
मी कामच डॅशबोर्डचं करतो आणि तरी सांगतो की घाई करू नका. पहिली अडचण नावं. आपल्याकडे पाटील आणि चौधरी किती, त्यात मतं फोडायला उभे केलेले सारख्या नावाचे अपक्ष. एक स्पेलिंग चुकलं की एकाचा खर्च दुसऱ्याच्या नावावर चढेल आणि ते चित्र व्हॉट्सॲपवर गेलं की तुम्ही नंतर कितीही दुरुस्त करा, परत येत नाही. दुसरी, देणग्या. पक्षांना २०,००० रुपयांच्या वरच्याच देणगीदाराचं नाव कळवावं लागतं, खालचा सगळा पैसा बिननावाचा, म्हणजे 'मोठे देणगीदार' हा चार्ट काढला तर तो अर्धवटच. अमेरिकेत २०० डॉलरच्या वर गेलं की देणाऱ्याचं नाव येतं आणि त्यांच्या आयोगाच्या साईटवरून फाईल सरळ उतरवून घेता येते. आपण आधी ती मागणी केली पाहिजे, स्कॅन नको, फाईल द्या. दोन महिने रात्री टाईप करून तुम्ही आयोगाचं काम फुकटात केलंय भाऊ.

केळीवाला_चोपडा:
ताईंनी सांगितलेलं वाचून विचारात पडलो, खरं सांगतो. पण तुमच्या बैठकीत तुम्ही होतात, बोलायला लोक होते. एकटा माणूस रात्री मोबाईलवर बघतो तेव्हा त्याला विचारणारं कोण असतं? तो रंग बघतो आणि पुढे सरकतो.

शिरपूरकर:
केळीवाला भाऊ खरं बोली राहिना. रंग काढून टाका, बाकी ठेवा.

भुसावळचा_भाऊ:
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. हिरवा-लाल काढून टाकला, आता सगळ्या पट्ट्या राखाडी आहेत आणि वर मोठ्या अक्षरात 'उमेदवाराने जाहीर केलेला खर्च' असं लिहिलंय. हेलिकॉप्टरचं आणि पक्षाच्या खर्चाचं हिशेबनीस काकांनी सांगितलं तेही मर्यादेच्या रेघेखालीच टाकलं. प्रत्येक आकडा दाबला की मूळ पीडीएफचं ते पान उघडतं, म्हणजे माझी टायपिंगची चूक कोणालाही पकडता येईल, आणि जे वाचताच आलं नाही तिथे शून्य न टाकता 'वाचता आलं नाही' असंच ठेवलंय. एक सारखंच नाव खरंच चुकलं होतं, आयटीवाले भाऊ, तुमचे आभार. आता ओळख नावाने न धरता मतदारसंघ आणि मतपत्रिकेवरच्या क्रमांकाने धरतोय. फाईल द्या ही मागणी आपण करूच, पण ती मिळेपर्यंत थांबलो तर पुढची निवडणूक येईल. छाया नोंदवहीसाठी सोमवारी जिल्हा कार्यालयात अर्ज टाकतोय, फी भरून नक्कल घेईन. अक्कलकुवा आणि नवापूरची पानं अजून तपासायची आहेत, कोणी वाटून घेत असेल तर सांगा.

केळीवाला_चोपडा:
मत बदललेलं नाही. पण चोपड्याची पानं मला पाठव, जेवण आणि डिझेलचे आकडे मी बघतो.