तंबोऱ्यावर गायलेला अभंग सॉफ्टवेअरमुळे बेसूर झाला, असे का व्हावे?

कृष्णाकाठची
नमस्कार. माझी मुलगी मिरजेत गेली सहा वर्षे शास्त्रीय गायन शिकते आहे. तिचा भूप रागातला एक अभंग आम्ही घरीच, गळ्यासाठी एक आणि तंबोऱ्यासाठी एक असे दोन माइक लावून ध्वनिमुद्रित केला. ऐकताना काही खटकले नव्हते, परंतु सॉफ्टवेअरच्या पडद्यावर तिचा गंधार (ग) जवळजवळ सर्वत्र त्या स्वराच्या रेषेच्या खाली दिसला. म्हणून स्वर आपोआप सुधारणाऱ्या ऑटो-ट्यूनमध्ये बाराही स्वर चालू ठेवून सुधारणेचा वेग शून्यावर, म्हणजे तत्काळ सुधारणेवर, नेला. आता प्रत्येक स्वर रेषेवर आहे, मात्र गाणे तंबोऱ्याशी भांडते आहे आणि पंचमावरून (प) गंधारावर येणारी मींड, म्हणजे स्वरांमधली सलग घसरण, जिना उतरल्यासारखी ऐकू येते. पट्टी काळी चार आहे, म्हणजे सा हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. आमचे नेमके काय चुकले?

विश्रामबागचा ध्वनीवाला
तंबोरा आपण कानाने लावला असणार, असे धरून लिहितो. सॉफ्टवेअर वेगळे काही सांगितले नाही तर ए हा स्वर ४४० हर्ट्झचा मानते आणि त्या हिशेबाने काळी चारचा खर्जाकडचा सा २०७.६५ हर्ट्झवर येतो. आपला तंबोरा समजा २०५ वर लागला असेल, तर त्याच्याशी तंतोतंत मिळालेला गळासुद्धा सॉफ्टवेअरच्या लेखी सुमारे २२ सेंट उतरलेला ठरतो (हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर १०० सेंट). त्यात तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो, तर सॉफ्टवेअरचा, म्हणजे हार्मोनियमचा, ४०० वर; म्हणजे आणखी १४ सेंटांची भर पडली. मुलीचा गंधार ३६ सेंट खाली दिसला असेल, तर तो बहुधा उतरलेला नव्हताच.

शिवाय गळ्याच्या माइकमध्ये तंबोराही शिरतो आणि सुधारणेत गळ्याबरोबर तोही वर सरकतो. त्यामुळे एकाच तंबोऱ्याचे दोन सा कानावर पडतात. मूळ मुद्रण उघडून आधी तंबोऱ्याचा सा मोजावा आणि तो २०५ निघाल्यास सॉफ्टवेअरमध्ये ए साठी ४४० च्या जागी ४३४.४ भरावे. शून्य वेग तर हवाच कशाला? १९९८ पासून पॉप संगीतात गाजलेला यांत्रिक गळा मुद्दाम याच वेगाने काढला जातो.

जवारी
मींडेबद्दल थोडे. बारा स्वर चालू असल्यामुळे प, तीव्र म, शुद्ध म, ग अशा पायऱ्या पडल्या. केवळ भूपाचे पाच स्वर ठेवले असते, तर गळ्याने प वरून थेट ग वर उडी मारली असती. तेव्हा स्वयंचलित सुधारणा बंद करून मेलोडाइनसारख्या साधनात चुकलेला स्वर तेवढा कापावा, त्याचा मध्य हाताने सरकवावा आणि मींडेला हात लावू नये. माझे स्वतःचे मत विचाराल तर ती ओळ पुन्हा गाऊन घेणे अधिक सोपे. सतारी-तंबोरे बनवणाऱ्या सतारमेकर गल्लीच्या गावात राहून गंधार पडद्यावर तपासावा, याचे जरा नवल वाटले!

कृष्णाकाठची
दोघांचेही आभार. तंबोऱ्याचा सा २०५.३ निघाला. मूळ मुद्रण पडदा झाकून पुन्हा ऐकले, तेव्हा दुसऱ्या अंतऱ्यातला एकच गंधार खरोखर उतरलेला आढळला. तेवढी ओळ मुलगी रविवारी पुन्हा गाणार आहे. तंबोरा मात्र या वेळी तिच्या कानातल्या इअरफोनमध्येच वाजेल.