पुरानंतर एकदम शेकडो क्लेम आले तर आपला क्लेम का अडतो?

प्रश्न (दुकानदार, सत्तरी तालुका, गोवा):
गेल्या महिन्यात नदीचे पाणी आमच्या वाड्यावर चढले आणि किराणा दुकानात कंबरेएवढे साचले. चवथीसाठी भरून ठेवलेली साखर विरघळून गेली, पोह्यांची पोती फुगून शिवणीत उसवली. विम्यासाठी नुकसान मोजणारे सर्व्हेयर तेराव्या दिवशी आले. आता कंपनीकडून उत्तर मिळते की, ‘एकाच पुराचे क्लेम फार आहेत, वरून मंजुरी यायची आहे.’ माझी पॉलिसी माझी, हप्ता माझा. मग शेजाऱ्यांच्या नुकसानीमुळे माझे पैसे का थांबावेत? सर्वांत मिळून वाटायची काही ठरावीक रक्कम असते काय?

उत्तर (निवृत्त विमा अधिकारी, म्हापसा):
तशी वाटणी नसते. तुमचा करार कंपनीशी आहे आणि तो शेजाऱ्याच्या करारापासून पूर्ण वेगळा आहे. सगळे क्लेम एकत्र मोजले जातात, पण ते कंपनी आणि तिचा पुनर्विमा करणारी, म्हणजे विमा कंपनीचाच विमा उतरवणारी संस्था, यांच्यातील हिशेबासाठी. प्रत्येक क्लेमला त्या आपत्तीचा एक कोड लावतात. समजा, एका घटनेतील पहिल्या 10 कोटींचे नुकसान कंपनीने सोसायचे आणि त्यावरचे ठरलेल्या मर्यादेपर्यंत पुनर्विम्यातून यायचे, असा करार आहे; तर ‘एक घटना’ कशाला म्हणायचे, यावर मोठा पैसा ठरतो. म्हणून त्या करारात तासांचे कलम असते, म्हणजे किती तासांतले नुकसान एकच घटना धरायचे ते: वादळासाठी बहुधा 72 तास, पुरासाठी 168. पाऊस दहा दिवस पडत राहिला तर एक पूर की दोन, हा वाद तेथून उद्भवतो.

हा वाद त्यांचा, तुमचा नव्हे. पुनर्विम्याचे पैसे आले नाहीत म्हणून ग्राहकाला थांबवता येत नाही. ‘वरून मंजुरी’ म्हणजे नेमकी कोणाची आणि कशासाठी, हे लेखी विचारा. लेखी विचारल्यावर भाषा बदलते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (सर्व्हेयर, फोंडा):
वरील मत मान्य. मात्र आमचीही बाजू मांडतो. 2021 च्या जुलैत म्हादई नदीला पूर आला तेव्हा सत्तरी-डिचोलीत एकाच वेळी कामे निघाली, आणि परवानाधारक सर्व्हेयर पुराबरोबर वाढत नाहीत. अशा वेळी कंपन्या बाहेरगावाहून माणसे आणतात आणि लहान क्लेम फोटो-व्हिडिओवर निकालात काढतात. तेरा दिवस मात्र जास्तच झाले.

खरी अडचण बहुधा कागदांची असते. स्टॉकची वही भिजली असेल तर घाऊक व्यापाऱ्यांकडून बिलांच्या प्रती मागवा, जीएसटी रिटर्न जोडा, तलाठ्याचा पंचनामा घ्या. भिंतीवरची चिखलाची रेघ पुसण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढला होता काय? कोणत्या फळीपर्यंतचा माल गेला, हे तीच सांगते. पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ (लहान धंद्यांसाठीची) असेल तर 15 टक्क्यांपर्यंतच्या कमी विम्यासाठी, म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा तेवढा कमी विमा उतरवला असला तरी, कपात होत नाही, हेही तपासा. जेवढ्या रकमेवर वाद नाही, तेवढी ‘ऑन अकाउंट’, म्हणजे अंतिम निकालाआधीच, मागा.

प्रश्नकर्ता:
रेघेचा फोटो आहे, टेप नाही. पण शेजारी फळी दिसते. उत्तर आले नाही तर पुढे कोठे जायचे?

उत्तर (निवृत्त विमा अधिकारी, म्हापसा):
फळी आजही तेथेच असेल तर तिची जमिनीपासूनची उंची मोजून द्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) अर्ज करा, तेथे शुल्क लागत नाही. गोव्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे.