जेम्स बाँड एकालाच शोभला: टिमोथी डाल्टनला

पेठकर:
शनिवारी डेक्कनला चहाच्या टपरीवर चौघांनी मिळून मला वेड्यात काढलं, म्हणून इथे मांडतोय. १९६२ ते २०२१ या काळात मूळ मालिकेत सहा जण बाँड झाले. कॉनरी, लेझनबी, मूर, डाल्टन, ब्रॉसनन, क्रेग. यात भूमिका अंगात भिनलेला एकच, डाल्टन. १९८७ आणि १९८९, दोनच सिनेमे.

‘द लिव्हिंग डेलाइट्स’मधला ब्रातिस्लाव्हाचा प्रसंग बघा. एक रशियन जनरल पळून यायचाय आणि समोरच्या खिडकीत बंदूक घेऊन एक बाई बसली आहे. बाँडला हुकूम आहे, तिला टिपायचं. दुर्बिणीतून तो ओळखतो, अरे, ही तर मघाशी चेलो वाजवत होती! हिला बंदूक नीट धरतासुद्धा येत नाही. तो ऐनवेळी नेम हलवतो आणि गोळी तिच्या बंदुकीवर मारतो. सहकारी तक्रारीची धमकी देतो, तर हा वैतागून म्हणतो, खुशाल कर, साहेबांनी काढून टाकलं तर आभारच मानीन. माणसं मारायच्या नोकरीचा हा वीट बाँडचा मूळ लेखक इयान फ्लेमिंग याच्या कादंबऱ्यांत जागोजागी आहे. पडद्यावर तो आधी डाल्टननेच आणला.

कॅम्पातले काका:
पेठकर, नोकरीला विटलेला माणूस बघायला तिकीट कशाला काढायचं? घरी आरसा आहे की.

अहो, ज्याचं नाव प्रत्येक शत्रूला आणि ज्याचं पेय प्रत्येक बारवाल्याला पाठ, तो कसला हेर? हे सगळं सोंग आहे, आणि ते सोंग आहे हे रॉजर मूरला पक्कं ठाऊक होतं. ‘ऑक्टोपसी’त उदयपूरच्या गल्लीबोळांतून रिक्षांचा पाठलाग, विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवतोय... अलका टॉकीजला काय शिट्ट्या पडल्या होत्या!

पेठकर:
त्याच सिनेमात तो समोर आलेल्या वाघाला ‘खाली बस’ म्हणतो आणि वेलीला लटकून टारझनसारखा ओरडतो, हे सोयीस्कर विसरलात. १९८५ च्या शेवटच्या सिनेमात तर साहेब ५७ वर्षांचे.

कॅम्पातले काका:
वयाचं मान्य. वाघाचंही, चला. पण १९८१ च्या ‘फॉर युवर आइज ओन्ली’त मारेकऱ्याची गाडी कड्यावर अर्धवट लटकलेली असते. मूर एक शब्द जास्त न बोलता तिला लाथ घालून दरीत ढकलतो. चोवीस तास हसतमुख असलेल्या माणसाने असं केलं की जास्त टोचतं. सतत कपाळाला आठ्या घालणाऱ्याने केलं तर त्यात नवल ते काय?

सायली, कोथरूड:
तुम्हा दोघांचं चालू द्या, पण डाल्टनचं अर्धवट राहिलेलं काम क्रेगने पूर्ण केलं. सोनेरी केसांचा बाँड नको म्हणून लोकांनी केवढा गहजब केला होता! मग २००६ मध्ये ‘कसिनो रॉयाल’ आला आणि सुरुवातीच्या पाठलागातच सगळ्यांची तोंडं बंद. पळणारा माणूस भिंतीच्या वरच्या फटीतून अलगद आरपार जातो. मागून येणारा क्रेग ती भिंतच फोडून बाहेर पडतो. हा बाँड अजून कच्चा आहे, धसमुसळा आहे, हे एका संवादाशिवाय कळतं. याला म्हणतात भूमिकेला शोभणं.

एकटाजीव:
कॉनरी. विषय संपला.

सायली, कोथरूड:
संपला कसा? कारण द्या.

एकटाजीव:
बरं. फ्लेमिंगलाच सुरुवातीला कॉनरी पसंत नव्हता. एडिनबराचा, एकेकाळी घरोघरी दूध टाकणारा, शरीरसौष्ठव करणारा गडी. दिग्दर्शक टेरेन्स यंगने त्याला आपल्या शिंप्याकडे नेलं, चारचौघांत वागायला शिकवलं. पुढे फ्लेमिंगने १९६४ च्या कादंबरीत बाँडचा बाप स्कॉटिश करून टाकला. नट भूमिकेला शोभतो का, हे तुम्ही भांडत बसा. इथे लेखकाने भूमिकाच नटाच्या मापाने बेतली. दुसऱ्या कोणाच्या वाट्याला हे आलंय का?

नव्वदीतला पोरगा:
ब्रॉसननचं कोणी नाव घेईना! पेठकर, एक लक्षात घ्या. १९८६ मध्ये भूमिका ब्रॉसननच्या हातात आली होती, टीव्ही मालिकेच्या करारात तो अडकला म्हणून डाल्टनचा नंबर लागला.

पेठकर:
आणि त्याच्या कितीतरी आधी, साठच्या दशकाच्या शेवटी, डाल्टनला विचारलं होतं. तेव्हा तोच ‘मी फार लहान आहे’ म्हणून नको म्हणाला. त्यामुळे नंबर कोणाचा आधी ते बघा. ब्रॉसननवर सूट सुंदर बसतो, हे कबूल. लक्ष्मी रोडवरच्या दुकानातल्या पुतळ्यावरही बसतो.

सायली, कोथरूड:
झालं गेलं सोडा हो. २०२५ मध्ये सूत्रं अ‍ॅमेझॉनकडे गेली, दिग्दर्शनाला डेनी व्हिलनव्हचं नाव आलं. मला विचाराल तर नवा बाँड तिशीतला हवा आणि फारसा माहीत नसलेला. कॉनरी पहिल्या सिनेमाच्या वेळी ३२ चा होता आणि जगाला अनोळखी होता. मूर ४५ व्या वर्षी आला, आधीच टीव्हीवर गाजून, त्यामुळे तो शेवटपर्यंत मूरच राहिला.

आणि ती चाचणी बदला. वर्षानुवर्षं इच्छुकांकडून ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधला हॉटेलच्या खोलीतला प्रसंग करून घेतात. बाँड आत येतो, तर पलंगावर ती रशियन मुलगी. त्यात लाघवीपणा कळतो, बाकी काय?

कॅम्पातले काका:
बाकी सगळं कळतं, सायलीताई. खोलीत कोणीतरी आहे या संशयाने पिस्तूल हातात घेऊन यायचं आणि पुढच्या मिनिटाला गप्पा मारत उभं राहायचं. संशय न सोडता गोड बोलायचं. तुमच्या क्रेगच्या भिंतीपेक्षा अवघड आहे ते. चाचणी तीच राहू द्या.

पेठकर:
काका, पहिल्यांदाच पटलं तुमचं.

एकटाजीव:
तो प्रसंगही कॉनरीचाच आहे.